पहिल्यांदा स्नोशू घेताय? आधी वाट, मग वजन, मग बूट आणि शेवटी स्नोशू

दिवाळी झाली की सोलापुरात हिमालयातल्या केदारकंठा, ब्रह्मताल, गुलमर्गचे बेत ठरू लागतात. बरेच गट गड्डा यात्रा उरकून जानेवारीच्या शेवटी निघतात. आमच्या ट्रेकच्या गटात सामानाची यादी तपासायचं काम माझ्याकडे असतं. त्या यादीत सर्वांत जास्त चुका पायाखालच्या वस्तूंमध्ये होतात. कुणी स्नोशू समजून आतून लोकर लावलेले लांब बूट घेऊन येतं. कुणाचं काम मायक्रोस्पाइक्सवर भागणार असतं, तरी ते हजारो रुपये स्नोशूत घालून बसतं. कुणी योग्य वस्तू आणतं, पण भलत्याच मापाची.

या सगळ्यांचं चुकतं ते क्रमात. आधी वस्तू आवडते, मग ती कुठे वापरायची याचा विचार सुरू होतो. म्हणून खाली दिलेले टप्पे त्याच क्रमानं घ्या. पहिल्या दोन टप्प्यांतच तुम्हाला स्नोशूची गरज नाही असं लक्षात आलं, तर पुढचं वाचायचीही गरज नाही आणि पैसेही वाचले.

१. नावांचा घोळ आधी मिटवा

स्नोशू म्हणजे बूट नव्हे. आपल्या बुटाखाली बांधायची ती एक रुंद चौकट असते. पावसाळ्यात काळ्या रानात चिखल झाला की आपण फळी टाकतो आणि तिच्यावरून पलीकडे जातो. पाय रुततो तिथं फळी रुतत नाही, कारण तेच वजन जास्त जागेवर पसरतं. स्नोशूचं काम नेमकं हेच आहे. माणसाच्या एका बुटाचा तळ साधारण पावणेतीनशे ते तीनशे चौरस सेंटिमीटर भरतो. २५ इंच लांब आणि ८ इंच रुंद स्नोशू ढोबळ हिशेबानं त्याच्या चौपट जागा व्यापतो. त्यामुळे भुसभुशीत बर्फात मांडीपर्यंत जाणारा पाय वीतभर आत जाऊन थांबतो. अजिबात न रुतता वरून चालता येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. ताज्या बर्फात स्नोशू घालूनही पाय थोडा आत जातोच.

याच्या जोडीनं आणखी तीन वस्तूंची नावं कानावर येतात.

मायक्रोस्पाइक्स: रबरी पट्ट्याला साखळ्या आणि बारीक दात. बुटावर ताणून चढवायचे. तुडवून घट्ट झालेल्या बर्फावर आणि वाटेवरच्या पातळ, काचेसारख्या बर्फावर ते घसरू देत नाहीत. भुसभुशीत बर्फात त्यांचा काही उपयोग नाही.

क्रॅम्पॉन: लांब, टोकदार पोलादी दात. उभ्या उतारावरच्या टणक बर्फासाठी. त्यांना ताठ तळाचे बूट लागतात आणि शिक्षणही लागतं. पहिल्या ट्रेकला ते स्वतःहून विकत घेऊ नका.

गेटर: बुटाच्या वरच्या कडेपासून पोटरीपर्यंत गुंडाळायचं जलरोधक आवरण. बर्फात कुठेही जायचं असलं तरी हे लागतंच.

तपासा: दुकानात किंवा ऑनलाइन मागवताना वस्तूचं चित्र पाहा. पाय आत घालायची जागा दिसली तर तो बूट आहे. वर बांधायचे पट्टे आणि खाली रुंद पाटा दिसला तर तो स्नोशू.

२. वाट आणि बर्फ ठरवा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच सगळे गाळतात. ‘बर्फात जातोय’ एवढ्यावर निवड होत नाही. बर्फ तुडवलेला आहे का ताजा, कोरडा आहे का ओला, वाट सपाट आहे का चढाची, हे तीन प्रश्न सोडवल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

सांकरीहून केदारकंठा करणाऱ्यांच्या पुढे एरवी बरीच माणसं गेलेली असतात. १२,५०० फुटांच्या त्या माथ्यापर्यंतची वाट तुडवून टणक झालेली असते, पहाटे तर ती निसरडी होते. तिथं मायक्रोस्पाइक्स आणि गेटर हेच खरं साधन. लोहाजंगहून ब्रह्मतालला जाणाऱ्यांनाही बहुतेक वेळा हेच लागू पडतं. मोठी हिमवृष्टी होऊन वाट बुजली तर गोष्ट वेगळी, पण अशा वेळी पुढे जायचं की परतायचं हे वाटाड्या ठरवतो. स्नोशू पायात आहेत म्हणून आपण ठरवायचं नाही.

लडाखच्या चादर ट्रेकला गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालायचं असतं. तिथं लोक गमबूट वापरतात. स्नोशूचा तिथं काही संबंध नाही.

स्नोशूचं खरं काम गुलमर्गसारख्या ठिकाणी पडतं. तिथं जानेवारी-फेब्रुवारीत कोरडा, पिठासारखा बर्फ खोल साचतो आणि वहिवाट सोडून जंगलातून हिंडायचं असतं. मनालीच्या वरच्या सेथनच्या बाजूला, किंवा हिवाळ्यात स्पीतीत, ताज्या बर्फातून स्वतः वाट पाडत जायचं असेल तेव्हाही ते लागतात. मार्चनंतर दुपारी बर्फ ओला आणि जड होतो. तो स्नोशूला चिकटून गोळे धरतो आणि पावलागणिक वजन वाढतं. काळ्या मातीतून चालताना चपलेला चिखलाचा थर चढत जातो, तसंच.

तुमच्या ट्रेकच्या आयोजकाला लेखी विचारा: ‘त्या आठवड्यात वाट तुडवलेली असेल का? मायक्रोस्पाइक्स तुम्ही देता का? स्नोशू लागतात का?’ उत्तर ‘लागत नाहीत’ असं आलं, तर ते मान्य करा.

थांबा: स्नोशू हिमस्खलनापासून वाचवत नाहीत. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर स्खलनाचा धोका सर्वाधिक असतो आणि स्नोशू नेमकं तिथवर पोचणं सोपं करतात. चंदीगडची संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था, म्हणजे डीजीआरई, हिमस्खलनाचे इशारे देते. निघण्याच्या आदल्या दिवशी ते पाहा. गुलमर्गला गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्यावर, अफरवतच्या बाजूचे उतार नवख्यांनी स्नोशू घालून धुंडाळायचे नाहीत. कोंगदोरीच्या, म्हणजे गोंडोलाचा पहिला टप्पा संपतो त्या जागेच्या, खालचं सौम्य जंगल पहिल्या वेळेला भरपूर आहे.

३. वजन करा, पाठीवरच्या पिशवीसकट

स्नोशूचं माप पायाच्या मापावरून ठरत नाही. बुटाचा नंबर ८ असो वा १०, चौकट निवडायची ती एकूण वजनावरून. एकूण वजन म्हणजे तुम्ही, अंगावरचे सगळे कपडे, बूट, सॅक आणि पाणी.

इथं फार मोठी गफलत होते. लोक घरच्या काट्यावर सकाळी उपाशीपोटी केलेलं वजन सांगतात. एक हिशेब मांडतो. माणूस ७२ किलो. जाड कपडे आणि बूट ४ किलो. भरलेली सॅक ९ किलो. पाणी आणि खाणं २ किलो. बेरीज ८७ किलो. ७२ आणि ८७ या आकड्यांना वेगवेगळे स्नोशू लागतात. सॅक खेचरावर जाणार असेल आणि पाठीवर फक्त दिवसभराची लहान पिशवी असेल, तर हाच माणूस ८० च्या आसपास येतो.

घरचा काटा बूट आणि सॅकसकट वजनाला पुरत नाही असं वाटलं, तर सरळ मार्केट यार्डात ओळखीच्या अडत्याकडे किंवा भुसाराच्या दुकानात जा. तिथल्या मोठ्या काट्यावर बूट-सॅकसकट उभे राहा. सॅक अंदाजानं भरू नका, खरी भरा. ‘साताठ किलो असेल’ म्हणणाऱ्यांची सॅक मी अकरा किलो भरलेली पाहिली आहे.

४. स्नोशूच्या आधी बूट घ्या

बूट नसताना स्नोशू निवडणं म्हणजे पाय नसताना पट्टा बांधणं. जे बूट घालून जाणार तेच बूट हातात हवेत.

घोट्याच्या वर येणारे, जलरोधक, तळ बऱ्यापैकी ताठ असलेले ट्रेकिंग बूट घ्या. जाळीचे धावायचे बूट चालणार नाहीत. बर्फ त्यांच्या जाळीतून आत शिरून वितळतो आणि बोटं गारठतात. मोजे लोकरीचे घ्या. सुती मोजा ओला झाला की ओलाच राहतो.

आपल्याकडे वर्षभर चपला घालायची सवय, त्यामुळे बूट नेमके कुठे आवळतात हे दुकानात पटकन कळत नाही. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजा घालून बूट चढवा, नाडी घट्ट बांधा आणि जिन्यावरून खाली उतरा. उतरताना अंगठा पुढे टेकला तर एक नंबर मोठा घ्या. आवळून घेतलेल्या बुटात रक्त नीट खेळत नाही, आणि पाय गार पडायला बर्फापेक्षा हेच जास्त कारणीभूत होतं.

तीन-चार आठवडे आधी बूट घ्या आणि रोज तासभर घालून चाला. सिद्धेश्वर तलावाच्या काठानं, इमारतीच्या जिन्यावर, कुठंही. मी एका वर्षी नवे बूट थेट बेस कॅम्पला काढले आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही टाचा सोलल्या. त्या ट्रेकचा माथा मी तंबूतूनच पाहिला.

थांबा: गुलमर्गला भाड्याचे बूट घालणार असाल, तर ते बरेचदा गमबुटासारखे रुंद असतात. घरी स्वतःच्या बुटावर नीट बसलेला पट्टा तिथं तोकडा पडतो. आमच्यातल्या एका काकांचं असंच झालं. स्नोशू सोलापूरहून नेले, बूट तिथं भाड्यानं घेतले, आणि पट्ट्याचं शेवटचं भोकही गाठता येईना. दोन्ही वस्तू एकाच ठिकाणाहून घ्या, किंवा दोन्ही घरून न्या.

५. आकार

आता आकडे. उत्पादक साधारण २२, २५, ३० आणि ३६ इंच लांबीचे स्नोशू करतात. ढोबळमानानं एकूण वजन ८० किलोपर्यंत असेल तर २२ किंवा २५ इंच, ८० ते १०० किलोला ३० इंच, आणि त्याहून जास्त असेल तर ३६ इंच. प्रत्येक जोडीवर किंवा खोक्यावर उत्पादकाचा स्वतःचा वजनाचा तक्ता असतो, आणि शेवटचा शब्द त्याचाच.

या आकड्यांत बर्फही धरायचा. ताजा, कोरडा, खोल बर्फ असेल आणि तुमचं वजन दोन मापांच्या सीमेवर असेल, तर एक माप वर जा. थोडा दबलेला बर्फ असेल तर खालचंच माप घ्या. नियम एवढाच की तुमच्या वजनाला आणि त्या बर्फाला पुरेल असं सर्वांत लहान माप घ्यायचं.

‘मोठं घेतलं की जास्त सुरक्षित’ या समजुतीनं मी स्वतः फसलो आहे. पहिल्यांदा मी ३६ इंची जोडी घेतली होती. दुकानदारानं ‘सगळ्यांना चालते’ असं सांगितलं आणि मी तक्ता न वाचता पैसे दिले. झाडीत वळताना एका स्नोशूची कड दुसऱ्यावर पडायची आणि मी तोंडावर. चढावर पाय उचलून उचलून मांड्या भरून आल्या. समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटरवर राहणाऱ्या माणसाला गुलमर्गच्या २,६०० मीटरवर तसाही दम लागतो. त्यात पायात नको तेवढं वजन घेऊन फिरणं म्हणजे दिवस वाया घालवणं.

बायकांसाठीच्या जोड्या अरुंद आणि शेपटीकडे निमुळत्या असतात, आणि त्यांची बांधणी लहान बुटाला बसते. उंची कमी असणाऱ्या पुरुषांनीही त्या पाहाव्यात. चालताना पाय फाकवावे लागत असतील तर ती चौकट तुमच्यासाठी रुंद आहे. मुलांना मुलांचीच जोडी द्या, मोठ्यांची लहान जोडी नको.

काही प्लास्टिकच्या पाट्याच्या २२ इंची जोड्यांना मागे वेगळी शेपटी जोडता येते. एरवी लहान जोडी, खोल बर्फ लागला की शेपटी लावायची. ज्यांचा बेत दरवर्षी बदलतो, त्यांना ही सोय खरंच उपयोगी आहे.

६. उलटं करून पाहा: दात, बिजागरी, टाच

दुकानात सगळे स्नोशू वरून पाहतात. तुम्ही ते उलटे करा.

पंजाखाली पोलादी दातांची पट्टी असते. सपाट कुरणात फिरायचं असेल तर आखूड दात पुरतात. डोंगरात जायचं असेल तर पंजाखाली खोल दात, टाचेखाली दात आणि चौकटीच्या दोन्ही कडांना दातेरी पट्ट्या, हे तिन्ही हवं. गोल नळीच्या चौकटीला कडेची पकड नसते, त्यामुळे उतार आडवा कापताना ती घसरते. हिमालयात सपाट जागा थोडी, म्हणून ‘सपाटीसाठी’ लिहिलेली स्वस्त जोडी आपल्या उपयोगाची नाही.

बुटाचा पंजा जिथं बांधला जातो तिथं बिजागरी असते. ती पूर्ण फिरणारी असेल तर पाऊल उचलल्यावर शेपटी खाली लोंबते, बर्फ झडून जातो आणि चढावर दात नीट रोवता येतात. पट्ट्यानं ताणलेली असेल तर शेपटी पावलाबरोबर वर येते. त्यामुळे अडथळे ओलांडणं सोपं जातं, पण बर्फ मागून पाठीवर उडतो. चढासाठी पूर्ण फिरणारी घ्या.

टाचेखाली एक तारेची कमान असते. चढावर ती उभी केली की टाच उंच टेकते आणि पोटरीवरचा ताण बराच कमी होतो. लांब चढ असेल तर ही हवीच. सपाटीला आणि उतारावर ती पाडून ठेवायची. उभी ठेवून उतरलात तर तोल पुढे जातो.

७. बांधणी

स्नोशू बर्फात निकामी होतो तो बहुतेक वेळा इथंच. रबरी पट्टे, दातेरी पट्टीचे खटके, फिरवून आवळायची चकती असे प्रकार मिळतात. माझं मत रबरी पट्ट्यांच्या बाजूनं आहे. त्यात बिघडण्यासारखं थोडं असतं आणि तुटलं तरी वाटेत काहीतरी करून बांधता येतं. खटक्यांत बर्फ गोठून बसतो. चकतीनं आवळणं झटपट होतं, पण आतली तार तुटली तर तिथं काहीच हातात उरत नाही.

पंजा बिजागरीच्या बरोबर वर यायला हवा. फार पुढे गेला तर बुटाचं टोक पाट्याला घासतं, फार मागे राहिला तर दात रोवले जात नाहीत. टाच पाट्याच्या मधोमध टेकायला हवी. पट्ट्यांचे खटके बाहेरच्या बाजूला, नाहीतर चालताना एकमेकांत अडकतात.

घरी दोन गोष्टी करून पाहा. पट्ट्याचं टोक रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी वाकवा. ते कडक होऊन तडकत असेल तर जोडी परत करा. आणि फ्रीजरमधले बर्फाचे खडे मिनिटभर मुठीत धरून, जाड हातमोजे चढवून, दोन्ही स्नोशू बांधून-सोडून पाहा. दोनदा सलग जमलं नाही तर ती बांधणी तुमच्यासाठी नाही, किंवा सराव कमी पडतोय.

८. विकत की भाड्यानं

पहिल्या वेळेला भाड्यानं. सोलापुरात बर्फ पडत नाही, वर्षातून एकदा वापरायची वस्तू माळ्यावर पडून राहते, आणि उन्हाळ्यात पत्र्याखालच्या उकाड्यानं रबर-प्लास्टिक खराब होतं. दोन हिवाळे भाड्याच्या जोडीवर हिंडा. मग तुम्हाला काय हवं ते तुम्हालाच नेमकं कळेल.

भाड्यानं घेताना उजेडात उभे राहून पाहा: दात बोथट आहेत का, रिबिटा ढिल्या आहेत का, पाट्याला चीर आहे का, बिजागरी दोन्हीकडे सारखी फिरते का, पट्टे ताणले तर पांढरे पडतात का. दोन्ही एकाच मापाचे आहेत ना तेही पाहा, घाईत वेगळ्या जोडीतले हातात येतात. शंका वाटली तर तिथंच बदलून मागा. कॅम्पवर पोचल्यावर काहीच बदलता येत नाही.

काठ्या दोन घ्या, खाली रुंद चकती असलेल्या. चकती नसेल तर काठी मुठीपर्यंत बर्फात जाते.

९. निघण्याआधी सोलापुरात सराव

गच्चीवर जुनी सतरंजी किंवा दोन-तीन घड्या घातलेली जुनी चादर अंथरा आणि तिच्यावर स्नोशू बांधा. उघड्या काँक्रीटवर चालू नका, दात बोथट होतील. बांधणं, सोडणं, खाली बसून उठणं, मोठा गोल घेऊन वळणं, एवढंच करा.

एक गोष्ट इथंच अंगवळणी पाडा: मागे पाऊल टाकायचं नाही. मागे गेलात की शेपटी रुतते आणि माणूस पाठीवर पडतो. फोटो काढणाऱ्यानं ‘जरा मागे सरका’ म्हटलं की नवखे पडतात ते याचमुळे.

सामान बांधताना दातांवर जुनी सायकलची ट्यूब कापून चढवा किंवा जाड टॉवेल गुंडाळा. नाहीतर सॅक फाटते, आणि कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्लीला निघालात तर शेजारच्याचं सामानही. विमानानं जाणाऱ्यांनी स्नोशू, स्पाइक्स आणि काठ्या चेक-इनच्या सामानातच ठेवाव्यात. सोबत चार झिप टाय, हातभर मऊ तार आणि दोन मीटर नायलॉनची दोरी. सगळं मिळून मूठभर होतं आणि तुटलेली बांधणी संध्याकाळपर्यंत टिकवतं.

१०. बर्फावरचा पहिला तास

पहिल्या तासात कुठेही पोचायचं नाही. पाय नेहमीपेक्षा किंचित फाकवून सपाटीवर चाला. पंधरा मिनिटांनी थांबून पट्टे पुन्हा आवळा, कारण बूट दबतो आणि पट्टा सैल पडतो. हे न केल्यानं स्नोशू पायातून सुटतो.

चढावर पंजा बर्फात मारून दात रोवा आणि मगच वजन टाका. उतारावर गुडघे थोडे वाकवून टाच आधी टेकवा. उतार आडवा कापताना डोंगराकडची कड बर्फात दाबा. उतार टणक आणि गुळगुळीत वाटला तर स्नोशूच्या भरवशावर पुढे जाऊ नका. तिथं परत फिरायचं असतं.

झाडांच्या बुंध्यापासून दूर राहा. खाली झुकलेल्या फांद्यांखाली बर्फ पोकळ असतो आणि माणूस छातीपर्यंत आत जातो. बर्फाखालून पाण्याचा आवाज आला तर एकेकानं, वाटाड्या दाखवील तिथूनच ओलांडा.

परतल्यावर स्नोशू शेकोटीजवळ ठेवू नका. बर्फ झटकून, पट्टे मोकळे करून तंबूच्या बाहेरच्या भागात उभे ठेवा आणि पट्टे सकाळी बांधायच्या स्थितीत उलगडून ठेवा. रात्री ओले गुंडाळलेले पट्टे पहाटे लाकडासारखे गोठतात.